दर गुरुवारी पडणारी थंडी

मी कृषी पदवीधर आहे, ही गोष्ट आमच्या कंपनीच्या लक्षात आली तेव्हा मला तिथे नोकरीला लागून अकरा वर्षं झाली होती. चाकणच्या त्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होते. मोटारीच्या दाराची बिजागरं मोजायची आणि मापाखाली सही करायची, हे काम. शिक्षण नांदेडकडे माहेरी झालं. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा शेजारणीनं सांगितलं, चाकणला बायका घेतायत, म्हणून गेले. मुलाखतीत विचारलं होतं, "शेतकी शिकलात, मग इकडे कशाला?" मी म्हणाले, "बस दारातून सुटते." ते हसले आणि त्यांनी मला घेतलं. त्यानंतर माझ्या पदवीचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

मग एका वर्षी वरून हुकूम आला, की कंपनीनं आता शाश्वत व्हायचं. मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीतल्या खुर्च्या जिन्याखाली गेल्या, दारावर हिरवी पाटी लागली आणि तिथे सस्टेनेबिलिटी विभाग सुरू झाला. साहेब म्हणून जे आले, ते आधी कँटीन आणि बसगाड्या सांभाळायचे. माणूस वाईट नव्हता. कँटीनचा वरण-भात त्यांच्या काळात खरंच सुधारला होता. पण 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द उच्चारला की ते क्षणभर थांबायचे, एखादा ट्रक वळणावरून सुखरूप नेल्यासारखे. कुणाच्या तरी फाइलीत त्यांना माझी पदवी सापडली आणि मला बोलावणं आलं.

"मॅडम, तुम्ही शेतीतल्या एक्स्पर्ट."

"सर, अकरा वर्षं मी बिजागरं मोजतेय."

"तेच ते. डेटा," साहेब म्हणाले.

माझी बदली त्या खोलीत झाली. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे पाच दिवसांचं प्रशिक्षण. विषय होता पीक उत्पादन आणि शाश्वततेसाठी संगणकीय सिम्युलेशन मॉडेल. आम्ही बाराजण होतो. काही आमच्या कंपनीतले, काही शेजारच्या कंपन्यांनी नुकत्याच उघडलेल्या अशाच हिरव्या पाट्यांच्या खोल्यांतले, आणि एक प्राध्यापक, जे दुपारच्या जेवणानंतर सहसा जागे नसत. शिवाय एक 'शेतकरी प्रतिनिधी' होत्या. निघोज्याच्या काकू. आमच्या कुंपणाच्या भिंतीला त्यांचं वीस गुंठे रान लागून आहे. बाकीची जमीन सासऱ्यांच्या वेळीच एमआयडीसीत गेली. उद्घाटनाच्या फोटोसाठी त्यांना बोलावलं होतं. त्यांच्या हातात कुंडीतलं रोपटं दिलं, टाळ्या झाल्या, आणि साहेबांनी त्यांना गाडीनं घरी सोडायला सांगितलं.

"आता कार्यक्रम काय हाय?" काकूंनी विचारलं.

"आता ट्रेनिंग आहे, काकू. टेक्निकल आहे."

"माझ्याच रानाचं हाय ना? मंग बसते."

त्या बसल्या, त्या पाचही दिवस बसल्या. साहेबांना ते आवडलं नाही, पण शेतकरी प्रतिनिधीला उठवायचं कसं, हे कुठल्याच नियमात नव्हतं.

शिकवायला आला होता तो वऱ्हाडाकडचा एक तरुण शास्त्रज्ञ. सडपातळ, चष्मा घसरणारा. मॉडेलविषयी बोलायला लागला की नुकतंच लग्न ठरलेल्या मुलासारखा दिसायचा. त्यानं सोप्या भाषेत सांगितलं. रोजचं तापमान, ऊन, पाऊस, मातीचा प्रकार, बियाण्याची जात, लागवडीची तारीख, पाणी, खत, हे सगळं संगणकाला द्यायचं. संगणक त्यातून एकेक दिवस करत पीक वाढवतो आणि शेवटी किती निघेल ते सांगतो. चार महिन्यांचं पीक चार सेकंदांत.

काकूंनी हात वर केला. "त्यात डुकरं येत्यात का?"

"नाही काकू, डुकरं मॉडेलमध्ये नाहीत."

"तर मंग बेस हाय. आमालाबी तिथंच जागा द्या."

सगळे हसले, शास्त्रज्ञही. मग शेजारच्या कंपनीतल्या एकानं विचारलं, की चाकणचा कांदा घेऊया का उदाहरणाला. शास्त्रज्ञानं यादी वर-खाली केली. मका होता, भात, सोयाबीन, भुईमूग, गहू, बटाटा, परदेशात पिकणारं कायकाय होतं. कांदा नव्हता. पुढच्या आवृत्तीत बहुतेक येईल, असं तो म्हणाला. चाकणच्या कांद्याच्या बाजारापासून पंधरा मिनिटांवर बसून आम्ही ते मान डोलावून ऐकून घेतलं. शेवटी बटाटा ठरला, कारण काकूंनी मागच्या रब्बीत त्या वीस गुंठ्यांत बटाटाच केला होता.

दुसरा आणि तिसरा दिवस आकडे भरण्यात गेला. माती काकूंच्या रानातली, लागवडीची तारीख काकूंनी सांगितलेली, आणि हवामान आमच्या कंपनीच्या स्वतःच्या केंद्राचं. हे केंद्र वर्षापूर्वी मोठ्या थाटात गच्चीवर बसवलं होतं आणि त्याचा फोटो स्वागतकक्षात लावलेला होता. आकडे भरताना संगणक अधूनमधून लाल खूण करत होता. काही दिवसांचं तापमान आजूबाजूच्या दिवसांपेक्षा फारच कमी होतं.

"त्या चुकीच्या नोंदी," शास्त्रज्ञ म्हणाला. "सेन्सर कधीकधी भरकटतो. त्या काढून टाका आणि आजूबाजूच्या दिवसांची सरासरी भरा."

आम्ही काढून टाकल्या. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॉडेल चालवलं. पडद्यावर हिरवी रेघ सरसर वर गेली. तो पाला. तपकिरी रेघ मात्र जमिनीलाच चिकटून राहिली. तो बटाटा. शास्त्रज्ञानं पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मग त्यानं समजावलं, की रात्री पुरेशा थंड झाल्या नाहीत तर बटाट्याला गाठी धरत नाहीत. या भागातल्या रात्री धोक्याच्या पातळीपलीकडे तापलेल्या दिसतायत. हवामान बदलाचं हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

बाकीच्यांनी चेहरे गंभीर केले. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र मी पहिल्यांदाच खरा आनंद पाहिला. "निघोजेतील बटाट्याचं भवितव्य धोक्यात," ते हळूच म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. पाचव्या दिवशी मुख्य कार्यालयातून पाहुणे यायचे होते. आता त्यांना दाखवायला काहीतरी होतं.

काकू पडद्याकडे बघत होत्या. "बटाटा आलाच न्हाई म्हणतंय?"

"मॉडेलप्रमाणे नाही आला, काकू."

"मंग गेल्या साली मी काय खणून काढलं?"

प्राध्यापकही जागे झाले. शास्त्रज्ञ म्हणाला, की मॉडेल आणि प्रत्यक्ष शेत यांत थोडी तफावत असू शकते. काकू म्हणाल्या, तफावत न्हाई, गोण्या व्हत्या.

घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात त्या लाल खुणा होत्या. कामाची सवय म्हणा. दर ठरावीक नगाला बिजागर बिघडत असेल तर त्यात नशिबाचा भाग नसतो, यंत्रात काहीतरी असतं. चौथ्या दिवशी मी लवकर जाऊन काढून टाकलेल्या तारखा कागदावर उतरवल्या आणि कॅलेंडर समोर ठेवलं. दोन लाल खुणांमध्ये बरोबर सात दिवस. एकूणएक गुरुवार. गेलं वर्षभर चाकणला दर गुरुवारी थंडी पडत होती आणि शुक्रवारी सकाळी ती उठून जात होती.

गुरुवारी आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी असते.

शास्त्रज्ञाला दाखवलं. त्यानं कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक तारीख ताडून पाहिली. "निसर्गात आठवड्याचं चक्र नसतं," तो म्हणाला.

"कंपनीत असतं," मी म्हणाले. "गच्चीवर जाऊया."

गच्चीवर जायला उंचीवर काम करायचा परवाना लागतो. सुरक्षारक्षकानं आम्हाला हेल्मेट दिली. काकूंनी पदरावरून हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली आवळला आणि आमच्या आधी शिडी चढल्या. वर गेल्यावर काही शोधावं लागलंच नाही. पांढऱ्या झडपांची ती देखणी पेटी उभी होती, तिच्यावर कंपनीचं चिन्ह होतं, आणि दोन पावलांवर पेंट शॉपच्या भट्टीचं धुराडं होतं. दारांना रंग दिला की तो या भट्टीत भाजून वाळवतात. भट्टी तिन्ही शिफ्टला चालू असते, बंद फक्त गुरुवारी. पेटी तिथे का, याचं उत्तर रक्षकानंच दिलं. "लाइटचा पॉइंट हितंच व्हता मॅडम. आन् गेटवरून फोटोत दिसती."

काकूंनी पेटीजवळ हात धरला आणि लगेच मागे घेतला. "हितं शेंगा भाजून निघतील."

मी गुणवत्ता विभागातून तपासलेला तापमापक आणला होता. पेटीपाशी एक आकडा आला, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा. दोन्हींत स्वेटर आणि पंख्याइतका फरक होता. वर्षभरात फक्त गुरुवारचे आकडे खरे होते, आणि तेवढेच आम्ही चुकीचे म्हणून काढून टाकले होते.

शास्त्रज्ञानं चष्मा काढून पुसला. "मी कालपासून हवामान बदल शिकवतोय," तो म्हणाला, "आणि इथे रंग वाळतोय."

मला त्याचं एक आवडलं. तो चिडला नाही, सारवासारवही केली नाही. त्यानं एवढंच विचारलं, की जवळपास दुसरीकडे कुठे कुणी तापमान लिहून ठेवतं का. काकू म्हणाल्या, "आमच्या रानापल्याड गुलाबाचं पॉलीहाऊस हाय. तिथला मुकादम रोज सकाळ-संध्याकाळ भाईरचा आकडा लिवतो. मालकाचा लय धाक हाय त्याला."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं तिकडे गेलो. मुकादमानं रजिस्टर काढलं. पानांवर चहाचे डाग होते, पण नोंद एकाही दिवसाची चुकलेली नव्हती. मोबाइलवर फोटो काढले, परत आलो, आणि काकू वाचून दाखवतायत, मी टाइप करतेय, शास्त्रज्ञ तपासतोय, असे पाचची बस सुटायच्या आत सगळे आकडे भरले. मॉडेल चालवलं. तपकिरी रेघ जमिनीवरून उठली आणि वर जाऊ लागली.

"बघा," शास्त्रज्ञ म्हणाला. मग परत म्हणाला, "बघा."

काकूंनी शेवटचा आकडा वाचला, बोटांवर हिशेब केला. "व्हय, एवढाच निघाला व्हता. दोन गोण्या आमी घरी खाल्ल्या, त्या ह्यात न्हाईत."

मी तशीच साहेबांकडे गेले. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. अकरा वर्षांनी पदवी उपयोगी पडली, असं काहीतरी मनात होतं. साहेबांनी नवा आलेख पाहिला, मग जुना पाहिला.

"यात इनसाइट काय आहे, मॅडम?"

"सर, बटाटा येतो."

"ते सगळ्यांना माहितीये."

"हो सर."

"मग पाच दिवस ट्रेनिंग कशाला केलं आपण?"

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, की स्लाइड मुख्य कार्यालयाला गेलीसुद्धा, अहवालाचं मुखपृष्ठ छापायला गेलंय, आणि आपण पॉझिटिव्ह राहायला हवं. बटाटा नष्ट होतोय, हे पॉझिटिव्ह कसं, हे मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी समारोप झाला. पाहुणे दिल्लीकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. साहेबांनी जमिनीला चिकटलेली तपकिरी रेघ दाखवली. पाहुण्यांनी हळहळून मान हलवली. शास्त्रज्ञाला आभारापुरता एक मिनिट मिळाला. त्यात त्यानं हवामानाचे आकडे पुन्हा तपासावे लागतील, असं इंग्रजीत सांगितलं. साहेब हसून म्हणाले, संशोधक असेच विनम्र असतात. मग शेतकरी प्रतिनिधींचे दोन शब्द. काकूंनी माइक हातात घेतला.

"बटाटा येतो," त्या म्हणाल्या. "दर साली येतो. ह्यांची ती पेटी भट्टीच्या धुराड्यापाशी हाय, म्हणून कॉम्प्युटरात आला न्हाई. आमी वर जाऊन बघितलंय. ती पेटी हलवा म्हंजे झालं. जेवन मात्र चांगलं व्हतं."

पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब इंग्रजीत म्हणाले, "या म्हणतायत की या प्रशिक्षणानं त्यांचे डोळे उघडले, आणि कंपनीचे त्या मनापासून आभार मानतात."

टाळ्या झाल्या. मी दुसऱ्या रांगेत होते, इंग्रजी मला कळत होतं, बोलताही आलं असतं. काकूंनी स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या प्रमाणपत्राकडे बघत राहिले. त्यावर माझं नाव चुकलेलं होतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

बाहेर चपला घालताना काकूंनी विचारलं, "तुला विंग्रजी येतं ना गं?"

"येतं."

"मंग?"

उत्तराची वाट न बघता त्या कुंपणाच्या फाटकाकडे निघून गेल्या.

साहेबांवर हसणं सोपं आहे, आणि इतका वेळ मी तेच करतेय. पण त्या दिवशी ते निदान स्वतःच्या नोकरीसाठी खोटं बोलले. मी नुसती बसले होते. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मला जे येतं ते केलं. आमच्या गुणवत्ता विभागात एक फॉर्म असतो. एखादं मापनयंत्र चुकीचं मोजत असेल तर तो भरायचा. एकदा तो यंत्रणेत गेला की कारण शोधून, दुरुस्ती करून, विभागप्रमुखाची सही झाल्याशिवाय बंद होत नाही, आणि ऑडिटला बाहेरचे लोक आले की ते असे उघडे राहिलेले फॉर्म आधी मागतात. मी यंत्राच्या रकान्यात हवामान केंद्र लिहिलं, दोषाच्या रकान्यात गच्चीवरचे दोन्ही आकडे लिहिले आणि पाठवून दिला.

दर सोमवारी साहेबांना आठवणीची मेल जाऊ लागली. मी जिन्यात दिसले की ते मोबाइल कानाला लावून पुढे जायचे. ऑडिटच्या आठ दिवस आधी पेटी हलली. ती थेट स्वागतकक्षासमोरच्या हिरवळीवर आली. तिथे रोज सकाळी सहाला फवारे सुरू होतात. मग महिनाभर, ऐन कोरड्या दिवसांत, आमच्या केंद्रावर रोज सकाळी ठरल्या वेळी पाऊस पडत होता. त्यावर मी दुसरा फॉर्म भरला. त्यानंतर माझी बदली पुन्हा बिजागरांकडे झाली. गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल तोवर सगळीकडे पोचला होता. त्यात पान भरून काकूंचा फोटो होता, हातात रोपटं, आणि खाली बटाट्याच्या अस्ताची बातमी.

दिवाळीनंतर एका गुरुवारी मी निघोज्याला गेले. काकू बटाट्याची लागण करत होत्या. सोबत दोन बायका होत्या. माफी कशी मागायची, याची मी बसमध्ये तयारी केली होती, पण काकूंनी हातात खुरपं दिलं आणि म्हणाल्या, "तो लव्हाळा काढ." मी जे उपटलं तो लव्हाळा नव्हता. दोन्ही बायका हसून बेजार झाल्या. "पदवी कशाची घेतली गं तू?" काकूंनी विचारलं. त्या दिवशी माझी माफी मागून झाली, असं मी धरून चालते.

मी आणि शास्त्रज्ञ फोनवर बोलत होतो. त्यानं मला ते मॉडेल घरच्या लॅपटॉपवर घालून दिलं. पॉलीहाऊसचा मुकादम मला दर रविवारी आठवड्याचं पान फोटो काढून पाठवू लागला. मॉडेलचं म्हणणं असं होतं, की काकू शेवटी शेवटी पाण्याची एक पाळी जास्त देतात, ती नसली तरी बटाटा तेवढाच येईल. हे काकूंना सांगायला मी चाचरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, रानाकडे पाहिलं. "चार सऱ्यांना न्हाई देत. फक्त चार. वाळल्या तर तुझ्या कंपनीच्या भिंतीवर आणून टाकीन."

सऱ्या वाळल्या नाहीत. फेब्रुवारीत काढणी झाली तेव्हा मी सुट्टी टाकून गेले. कंबर मोडेस्तोवर खणलं. चार सऱ्यांचा बटाटा वेगळा मोजला, तो बाकीच्या सऱ्यांच्या बरोबरीनं भरला. काकूंनी काटा दोनदा बघितला. "व्हय, खरंय," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली निम्म्या रानाला न्हाई देत. लाइटची वाट बघत मोटारीपाशी बसायचं तेवढंच वाचंल." त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं, तेवढं पदवी मिळाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मी शास्त्रज्ञाला फोन केला. तो एवढा खूश झाला, की त्यानं लगेच पुढचं काम सांगितलं. आकडा पक्का करायचा तर बटाट्यातला कोरडा अंश मोजायला हवा. दोन्हीकडचे बटाटे घ्या, काप करा, वजन करा, पूर्ण वाळवा, परत वजन करा. मी दोन किलोचे दोन नमुने घरी आणले, काप केले, वजनं लिहून ठेवली आणि आमच्या चिंचवडच्या इमारतीच्या गच्चीवर दोन साड्यांवर वेगवेगळे पसरून कामाला गेले. घरी माझ्या सासूबाई असतात. दोन दिवसांनी संध्याकाळी आले तर स्वयंपाकघरात तेलाचा वास होता आणि ताटात कुरकुरीत तळलेले काप.

"एकावर मीठ नव्हतं, दुसऱ्यावरही नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "मी दोन्ही एकत्र करून लावलं. छान वाळले होते हं."

मी एक काप खाल्ला. खरंच छान वाळले होते. शास्त्रज्ञाला कळवलं, की नमुना उपलब्ध नाही. त्यानं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "थोडे उरले असतील तर पाठवा."